निलगिरीची छोटी बाटली

सोयाबीनच्या राशी उरकतात, ज्वारी पोटऱ्यात येते आणि धाराशिव जिल्ह्यात पहाटेची थंडी अंगाला झोंबायला लागते. भूम-वाशीकडच्या माळावर तर ती जरा जास्तच. याच दिवसांत घराघरांतून निलगिरीचा वास येऊ लागतो. कुणाच्या रुमालावर दोन थेंब, कुणाच्या उशीवर, कुणाच्या गरम पाण्याच्या पातेल्यात. दहा मिलीची ती बाटली कोनाड्यात असते, बहुतेक वेळा लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाला खेटूनच. या महिन्याचे सदर त्या बाटलीसाठी. ती घरात असावी, तिचे उपयोग पुष्कळ आहेत. पण आपण ती नको तिथे जास्त वापरतो आणि हवी तिथे विसरतो.

झाड मूळचे ऑस्ट्रेलियाचे. टिपू सुलतानांनी १७९० च्या सुमारास बेंगळुरूजवळच्या नंदी हिल्सवरच्या बागेत ते लावले, ही भारतातली पहिली लागवड मानली जाते. पुढे १८४३ पासून निलगिरी पर्वतावर इंग्रजांनी ते सरपणासाठी लावायला सुरुवात केली आणि डोंगराचेच नाव झाडाला चिकटले. उटीहून आलेले लोक हमखास आणतात ते तेल त्याच डोंगरावरच्या झाडांचे. पाला भट्टीत घालून त्यातून वाफ सोडतात, वाफेबरोबर तेल निघते आणि थंड झाल्यावर पाण्यावर तरंगते. शंभर किलो पाल्यातून किलो-दीड किलो तेल हाती येते. म्हणजे ती बाटली हा पाल्याचा अर्क आहे, कितीतरी पटीने तीव्र. दादी-नानी पाल्याचा काढा करून वाफ घ्यायच्या, म्हणून तेलही तितकेच निरुपद्रवी, हा हिशेब इथेच चुकतो.

तेलातला मुख्य घटक सिनिओल. औषधी दर्जाच्या तेलात तो ७० टक्के किंवा त्याहून अधिक असतो. आपल्याकडे बांधावर उभी असलेली निलगिरी वेगळ्या जातीची, सपाटीवर वाढणारी. तिच्या पाल्यात हा घटक कमी असतो. म्हणून बांधावरच्या आठ-दहा पानांची वाफ सौम्य लागते, आणि मोठ्या माणसाच्या साध्या पडशाला तेवढी पुरेशी असते.

तेल विकत घेताना ते मेडिकलमधून, सीलबंद आणि गडद काचेच्या बाटलीतले घ्यावे. लेबलावर बनवणाऱ्याचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख हवी. आठवडी बाजारात किंवा उरुसात अत्तराच्या शेजारी सुट्या बाटल्यांत ‘उटीचे अस्सल’ म्हणून मिळते त्यात काय मिसळले आहे ते सांगता येत नाही. एक साधी परीक्षा आहे. पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून ठेवावा. काही तासांनी कागदावर तेलकट डाग राहिला तर त्यात गोडेतेलासारखे काहीतरी मिसळले आहे, कारण निखळ निलगिरी उडून जाते. पण डाग राहिला नाही म्हणून तेल शुद्ध, असेही समजू नये. टर्पेंटाइनही उडून जाते, आणि भेसळ त्याचीच जास्त सोपी. प्लॅस्टिकच्या बाटलीत हे तेल ठेवू नये, काही प्रकारचे प्लॅस्टिक ते मऊ करते. आणि चुलीपासून, गॅसपासून लांब ठेवावे. साधारण पन्नास अंशांच्या आसपास त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. आपल्या मे महिन्यात पत्र्याखालची फळी तेवढी तापायला फारसा वेळ लागत नाही.

आता सर्दी. निलगिरी हुंगली की नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. ‘वाटते’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. हा वास नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या नसांना चेतवतो, त्यामुळे हवा जास्त येते आहे असे जाणवते. आतली सूज मात्र तशीच असते आणि सर्दीचा विषाणू आपले दिवस भरल्याशिवाय जात नाही. याचा अर्थ ते खोटे आहे असा नाही. रात्रभर नाक चोंदलेल्या माणसाला झोप लागली तर तो आराम खराच. फक्त त्या आरामाकडून बरे होण्याची अपेक्षा करू नये.

मोठ्या माणसांनी वाफ घ्यायची असेल तर पाणी उकळून गॅस बंद करावा आणि भांडे खाली, सपाट जागी ठेवावे. दोन-तीन मिनिटे थांबून मग दोन किंवा तीन थेंब टाकावेत. त्याहून जास्त नको. डोळे मिटून चार-पाच मिनिटे वाफ घ्यावी. चुलीवर उकळत असलेल्या पातेल्यावर वाकू नये आणि मांडीवर भांडे घेऊन चादर ओढून बसू नये. वाफेने होतो त्यापेक्षा पातेले कलंडण्याने होणारा भाजण्याचा धोका मोठा. रमजान थंडीत आला की रोज्यात वाफ घेण्याबद्दल हमखास विचारणा होते. ते आपल्या मस्जिदीतल्या मौलानांना विचारावे. इफ्तारनंतर, तरावीहच्या आधी वाफ घेतली तर प्रश्नच उरत नाही.

गुडघे, कंबर, मानेला चोळायचे तर तेल कधीही तसेच लावू नये. दोन चमचे करडईच्या किंवा तिळाच्या कोमट तेलात पाच थेंब, एवढेच. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून दिवसभर पाहावे. खाज, लाली आली तर सोडून द्यावे. अत्तराची सवय असलेल्या घरांत एक गोष्ट नेहमी दिसते. मनगटावर, कानामागे आपण अत्तर लावतो तसे निलगिरीही लावतात. अत्तराचा फाया कानात ठेवतात तसा निलगिरीचा फायाही ठेवतात. अत्तराला चंदनाच्या किंवा दुसऱ्या सौम्य तेलाचा आधार असतो, निलगिरीच्या बाटलीत आधार काहीच नसतो. कानात, नाकात, डोळ्यांजवळ ती नको.

आपल्या जिल्ह्यात खोकल्याची सगळी कारणे सर्दी नसतात, हे इथेच सांगायला हवे. सोयाबीनच्या मळणीयंत्राजवळ दिवसभर उभ्या राहिलेल्या बाईचा खोकला भुसकटाचा असतो. भूम-वाशी परिसरात खव्याच्या भट्ट्यांवर लाकडाच्या धुरात तासन्‌तास दूध आटवणाऱ्यांचा खोकला धुराचा असतो. बांधावर, गावठाणात माजलेल्या गाजरगवताने कुणाला शिंका, कुणाला अंगाला खाज, कुणाला दमा. या खोकल्यांवर निलगिरी चोळून वर्षानुवर्षे काढली जातात आणि दम लागायला लागला की मग दवाखाना आठवतो. धुळीला तोंडावर ओला दुपट्टा नाही तर चांगला मास्क, भट्टीला धुराडे, आणि तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेल्या खोकल्याला डॉक्टर. दोन आठवड्यांचा खोकला आणि सोबत ताप किंवा वजन घटणे असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी, ती तपासणी मोफत आहे. दम्याच्या काही रुग्णांना तर निलगिरीचा वासच सोसत नाही, छाती आणखी आवळते. अशांच्या खोलीत ती नको. ज्यांना फिट येते, आपण आकडी म्हणतो ती, त्यांनीही हे तेल आणि कापराचे बाम टाळावेत. बेंगळुरूच्या मेंदूविकार तज्ज्ञांनी अलीकडच्या वर्षांत दक्षिण भारतातल्या रुग्णालयांत पाहणी केली तेव्हा फिट आलेल्या काही प्रौढ रुग्णांनी आधी निलगिरी किंवा कापूर असलेली तेले, बाम वापरल्याचे आढळले.

आणि आता मुले. या बाटलीबद्दल लिहायचे ते मुख्यतः यांच्यासाठीच.

एक चमचा म्हणजे पाच मिली निलगिरी तेल लहान मुलाच्या पोटात गेले तर त्याच्या जिवावर बेतू शकते. त्याहून कमी तेलानेही मूल गुंगीत गेल्याची, झटके आल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. बाटली दहा मिलीची असते हे लक्षात घ्या. हे बहुतेक वेळा दोन प्रकारे घडते. मूल स्वतः बाटली तोंडाला लावते, कारण तिचा आकार त्याच्या औषधाच्या बाटलीसारखाच असतो. किंवा रात्री दिवे गेलेले असताना, मूल खोकून रडत असताना, झोपेतली आई, खाला किंवा दादी कोनाड्यात हात घालते आणि सिरपऐवजी ही बाटली हाती लागते. यात निष्काळजी कुणीच नसते. दोन बाटल्या शेजारी ठेवल्या होत्या, इतकेच. म्हणून आज घरात शिरल्याबरोबर ती बाटली औषधांच्या फळीवरून उचला आणि वर, बंद कपाटात, अत्तराच्या नव्हे तर फिनाइल-रॉकेलच्या सोबतीला ठेवा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत कोपीमध्ये वेगळे कपाट कुठून आणणार? तिथे घट्ट झाकणाच्या डब्यात घालून डबा आढ्याला उंच बांधावा.

चुकून पोटात गेलेच तर उलटी करवू नये. उलटी होताना तेल श्वासनलिकेत जाते आणि फुफ्फुसाला सूज येते. दूध, तूप, मिठाचे पाणी काहीही पाजू नये. तोंड पुसून १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावे. बाटली सोबत घ्यावी, किती शिल्लक आहे त्यावरून डॉक्टरांना अंदाज येतो. तोंडाला निलगिरीचा वास, झोप, डोलणे, खोकला, झटके ही लक्षणे अर्ध्या तासात दिसू शकतात, कधी काही तासांनी. मूल बरे दिसते आहे म्हणून घरी थांबू नये. दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राचा मोफत क्रमांक १८००-११६-११७ आहे, तो चोवीस तास चालतो. फोनमध्ये आताच साठवून ठेवलेला बरा.

दोन वर्षांच्या आतल्या मुलांना निलगिरी चोळूही नये. नाकाखाली, छातीवर, तळपायाला, मोज्यात, कुठेच नको. इतक्या तान्ह्या मुलाच्या नाकाजवळ हा तीव्र वास गेला की घसा अचानक आवळून श्वास अडकू शकतो. गळ्यात ओवा-कापराची पोटली बांधायची आपल्याकडे फार जुनी पद्धत. आता त्यावर निलगिरीचे दोन थेंबही टाकतात. तान्हे मूल हाताला लागेल ते तोंडात घालते, आणि कापूरही तितकाच विषारी. शिवाय गळ्यातली दोरी झोपेत आवळते ती वेगळीच. पोटली सोडून ठेवा. घरातल्या ज्येष्ठ बाईला हे सांगणे अवघड जाते, याची कल्पना आहे. ‘डॉक्टरांनी सांगितले आहे’ एवढे म्हणावे, त्यात अदबही राहते.

मग सर्दी झालेल्या बाळाला काय द्यायचे? मेडिकलमध्ये नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे थेंब मिळतात. दूध पाजण्याआधी आणि झोपवण्याआधी प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब घालून थोड्या वेळाने मऊ कापडाने नाक पुसावे. अंगावरचे दूध थोडे-थोडे, पण जास्त वेळा पाजावे. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला रात्री झोपताना अर्धा ते एक चमचा मध द्यावा, खोकल्याला त्याचा चांगला उपयोग होतो. वर्षाच्या आत मात्र मध बोटभर चाटवणेही नको. त्यात क्वचित असणारे जंतू तान्ह्याच्या आतड्यात वाढून अंग लुळे पाडू शकतात.

आणि श्वास मोजायला शिका. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाकडे पाहत मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असेल तर तो न्युमोनिया असू शकतो. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर थांबायचेच नाही. यालाच आपण ‘पसली चालते’, ‘डब्बा झाला’ म्हणतो आणि पोटावर तेल चोळत बसतो, काही ठिकाणी तर अजून चटकेही देतात. डब्बा म्हणजे न्युमोनिया, आणि त्याला औषध लागते, तेही त्याच दिवशी.

इतके सगळे वाचून बाटली फेकून द्यावीशी वाटली असेल. फेकू नका. तिची खरी कामे घराच्या कोपऱ्यांत पडली आहेत.

स्टीलच्या नव्या ताटल्यांवरचे, काचेच्या बरण्यांवरचे स्टिकर काढताना नखे तुटतात आणि चिकटा राहतोच. कापसावर दोन-चार थेंब घेऊन चिकट्यावर ठेवा, पाच मिनिटांनी पुसा, मग भांडे साबणाने धुवा. सतरंजीला चिकटलेले च्युइंगम, युनिफॉर्मला लागलेले ग्रीस आणि डांबरही यानेच सुटते. कापडावर आधी आतल्या शिवणीजवळ लावून रंग जातो का ते पाहावे. प्लॅस्टिकच्या डब्यांवर आणि पॉलिश केलेल्या लाकडावर मात्र हा प्रयोग नको. थर्माकोल तर त्यात विरघळूनच जातो.

फरशी पुसताना पाण्यात नुसते थेंब टाकले तर ते वर तरंगत राहतात आणि एकाच जागी लागतात. आधी एक चमचा लिक्विड साबणात दहा-पंधरा थेंब घोळून मग बादलीत घालावे. याने वास जातो, चिकटपणा जातो. जंतुनाशक म्हणून मात्र याच्या भरवशावर राहू नये. बकरी ईदला अंगणात कुर्बानी झाली की क्रम असा ठेवावा. आधी भरपूर गार पाणी, कारण गरम पाण्याने रक्त फरशीत घट्ट बसते. मग साबण आणि खराटा. मग ब्लीचिंग पावडरचे पाणी, अर्धा तास ठेवून धुऊन टाकायचे. सगळे वाळल्यावर शेवटी निलगिरीचे पोतेरे. ब्लीचिंग आणि तेल एका बादलीत कधीही एकत्र करू नये.

वाकळी आणि रजया हा जिव्हाळ्याचा विषय. वर्षभर पेटीत घडी करून ठेवलेली वाकळ थंडीत काढली की घरभर शिंका सुरू होतात. त्या शिंका धुळीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांमुळे येतात. १९९७ साली सिडनीच्या संशोधकांनी दाखवले की साबणाबरोबर निलगिरी घातलेल्या पाण्यात पांघरुणे भिजवून धुतली तर यातले बरेच किडे मरतात. पण त्या हिशेबाने पाच लिटर पाण्याला दहा ते वीस मिली तेल लागते. म्हणजे एका वाकळीला एक-दोन बाटल्या! आपल्या खिशाला हे परवडणारे नाही, आणि आपल्याकडे ऊन फुकट आहे. वाकळ गच्चीवर दोन्ही बाजूंनी दोन-दोन दिवस कडक उन्हात टाकावी, काठीने झोडपावी, झोडपणाऱ्याने नाकाला कापड बांधावे. निलगिरी ठेवावी ती पेटीत. कापसाच्या बोळ्यावर चार-पाच थेंब टाकून बोळा मलमलच्या तुकड्यात बांधावा आणि कोपऱ्यात ठेवावा, कापडाला थेट लागू देऊ नये, डाग पडतो. वास दोन-तीन आठवड्यांत उडतो, पुन्हा थेंब टाकावे लागतात. एकदा पेटीत कसर लागली की मात्र ती याने मरत नाही, तिला ऊनच हवे.

डांबरगोळ्या यापेक्षा जास्त टिकतात, हे खरे. पण बाळाची अंगडी-टोपडी, दुपटी ज्या पेटीत आहेत तिथे डांबरगोळी ठेवू नका. काही मुलांच्या रक्तात जन्मतः एका घटकाची कमतरता असते, डॉक्टर तिला जी-सिक्स-पीडी म्हणतात. अशा नवजात बाळाला डांबरगोळीच्या वासाचे कपडे घातले तर रक्तपेशी फुटून जोराची कावीळ होऊ शकते. पहिल्या नातवाची टोपडी दुसऱ्यासाठी जपून ठेवणाऱ्या दादींनी हे आवर्जून वाचावे.

डासांसाठी साधी निलगिरी फार वेळ टिकत नाही. लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून खास प्रक्रिया करून बनवलेले डासरोधक वेगळे असते, ते तीन वर्षांखालच्या मुलांना लावत नाहीत. डासांच्या मशीनच्या रिकाम्या रिफिलमध्ये निलगिरी, कापूर, कडुनिंबाचे तेल घालायचा प्रकार सध्या फार पसरला आहे. पेट घेणारे तेल विजेवर तापवत बंद खोलीत मुलांना झोपवायचे, यात काय साधते कळत नाही. मच्छरदाणी लावा.

उमरग्याच्या एका वाचक भगिनीने विचारले आहे की घराच्या अंगणात निलगिरी लावावी का. १९८० च्या दशकात सामाजिक वनीकरणात आपल्याकडे ती बांधोबांध लागली. भराभर वाढते आणि दिसेल त्याला तोंड लावणारी आपली उस्मानाबादी शेळीसुद्धा तिच्या पाल्याकडे पाहत नाही, हा त्या वेळी मोठाच गुण वाटला. पण ती पाणी फार ओढते, आणि तिच्या सावलीत पीक खुरटते हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. कर्नाटक सरकारने २०१७ साली तिच्या नव्या लागवडीवर बंदी घातली. शेजारच्या लातूरला २०१६ साली रेल्वेने पाणी आणावे लागले होते आणि आपलीही गत त्या वर्षांत फार वेगळी नव्हती. ज्या अंगणात बोअर आहे तिथे कडुनिंब लावावा, सावली दाट आणि पाण्याची मागणी कमी. वाफेपुरता पाला हवा असेल तर बांधावरचे एक जुने झाड अख्ख्या गल्लीला पुरते.